जुन्या वास्तूतील भुते आणि साक्षीची पारख



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागल्यापासून आम्हांस चहूंकडून एकच प्रश्न विचारला जात आहे : "भुते आहेत असे तुम्ही सांगणार, की नाहीत असे?" खरे सांगायचे तर यांपैकी काहीच आम्ही सांगणार नाही. एखाद्या वास्तूत भूत आहे अशी बातमी आली, तर विचारी माणसाने तिची चौकशी कशी करावी, एवढाच आमचा विषय आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. न्यायासनावर बसणाऱ्या पुरुषाने घालून दिलेल्या या प्रथेत साक्षीपुराव्याची चर्चा अप्रस्तुत ठरू नये.

चौकशीसाठी आम्ही मुद्दाम उपाहारगृहे निवडली आहेत. पडक्या विहिरीवर किंवा पिंपळाखाली भूत पाहणारा बहुधा एकटा असतो. त्याची उलटतपासणी करायची कशाच्या आधारे? जुन्या वास्तूत उपाहारगृह निघाले, म्हणजे मात्र साक्षीदार पुष्कळ असतात. वाढपी असतात, आचारी असतात, गिऱ्हाइके असतात. आणि भुताच्या गोष्टीपासून तेथे कोणाला तरी चार पैशांची प्राप्तीही होत असते. म्हणून पारख शिकायला ही जागा चांगली.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात अ‍ॅशलंड नावाचे गाव आहे. बोस्टनहून वूस्टरकडे जाणारा लोहमार्ग तेथून गेला, तेव्हा जॉन स्टोन नावाच्या गृहस्थाने १८३४ साली रुळांच्या लगतच उतारूंसाठी एक मोठी सराई बांधली. पुढे १९७६ च्या सुमारास ही जुनी इमारत दुरुस्त होऊन तेथे भोजनगृह सुरू झाले. मग नोकरमंडळी सांगू लागली की, मालवलेले दिवे पुन्हा लागलेले दिसतात, कुलूप लावलेली दारे उघडी सापडतात, मागून कोणी तरी खांद्यावर थोपटते आणि वळून पाहावे तो कोणी नाही. १९८० नंतर अतींद्रिय शक्तीचा आधार घेऊन या सगळ्याचा उलगडाही सांगण्यात आला. तो असा : १८४५ साली पत्त्यांच्या डावात भांडण होऊन स्टोनने न्यूयॉर्कच्या एका फिरत्या विक्रेत्याच्या डोक्यात पिस्तुलाचा दस्ता घातला, तो मेला, सोबत्यांना शपथ घालून प्रेत तळघरात पुरण्यात आले.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. "मी दिवा मालवून गेलो आणि सकाळी तो लागलेला दिसला" ही साक्ष आहे. "स्टोनने खून केला" ही साक्ष नव्हे; पहिल्या वाक्यातून दुसऱ्याकडे जाणारी वाटच नाही. ना खटल्याचा कागद पुढे आला, ना तळघरातून सांगाडा निघाला. तरी ज्या माणसाने ती वास्तू उभी केली, त्याचे नाव तेथे जेवायला येणाऱ्यांच्या तोंडी खुनी म्हणून बसले. भुताच्या गोष्टीत नुकसान काय, घटकाभर करमणूकच की, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. पुराव्यावाचून केलेला आरोप जिवंत माणसावर असला तर आपण खपवून घेत नाही. मेलेला माणूस उठून उभा राहू शकत नाही, म्हणून त्याच्यावर तो का खपवून घ्यावा?

हे परदेशातच घडते असे नाही. शनिवारवाड्यातली "काका, मला वाचवा" ही हाक आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तेथला खून खरा आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा वध झाला, आणि रामशास्त्र्यांनी राघोबादादांस दोषी ठरवले. पण आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' केला या गोष्टीवर इतिहासकारांचे एकमत नाही. लोकांचे मात्र केव्हाच झाले आहे! चौकशी करून दोष देणारे रामशास्त्री आपल्याला वंद्य वाटतात; मग चौकशीवाचून दोष देण्याची सवय आपण का जपावी?

आता दुसरे उदाहरण. कॅलिफोर्नियात समुद्रकाठी मॉस बीच येथे १९२७ साली फ्रँक टॉरेस याने एक खाण्यापिण्याची जागा काढली. तो अमेरिकेतला दारूबंदीचा काळ. खालच्या किनाऱ्यावर चोरटी दारू उतरे आणि वर गुत्ता चाले. पुढे तेथे राजरोस उपाहारगृह झाले, आणि निळ्या वस्त्रांतल्या एका स्त्रीचे भूत तेथे वावरते असा बोलबाला झाला. ती पियानो वाजवणाऱ्याच्या प्रेमात पडली व किनाऱ्यावर मारली गेली असे कोणी सांगे. मोटारीच्या अपघातात गेली असे दुसरा सांगे. २००८ साली एका दूरदर्शन-कार्यक्रमाचे भूतशोधक तेथे गेले. ही मंडळी भुते मानणारी. तरी त्यांनी काम नेटके केले. आपोआप हलणारा दिवा, स्त्रियांच्या प्रसाधनगृहात ऐकू येणारा आवाज, आरशात उमटणारा चेहरा, ही सारी मुद्दाम बसवलेल्या यंत्रांची करामत निघाली.

यावर कोणी म्हणेल, "मग संपले की! सगळी लबाडीच." आम्हांस हा निकालही उतावळा वाटतो. एका ठिकाणी यंत्र सापडले म्हणून प्रत्येक साक्षीदार खोटा ठरत नाही. बहुतेक साक्षीदार प्रामाणिक असतात, आणि खरी अडचण तीच आहे. प्रामाणिक माणसालाही जे सांगून ठेवले असेल ते जाणवते. १९९७ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एका बंद पडलेल्या नाट्यगृहातून २२ माणसांना फिरवले. निम्म्यांना सांगितले की, येथे भुताटकी आहे. उरलेल्यांना सांगितले की, येथे दुरुस्ती चालू आहे. वास्तू तीच होती. पण पहिल्या गटाला आलेले विचित्र अनुभव दुसऱ्या गटापेक्षा कितीतरी जास्त निघाले. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस" अशी आपली म्हण आहे. तिच्यात थोडी दुरुस्ती करावी लागेल. ब्रह्मराक्षस भित्र्याच्याच पाठी लागतो असे नाही. ज्याच्या कानात त्याचे नाव आधी पडले आहे, अशा धीट माणसाच्याही तो पाठी लागतो.

याची उलट बाजू पाहायची असेल तर अहमदाबादेत जावे. तेथे लाल दरवाजाजवळ 'लकी' नावाचे चहाचे उपाहारगृह आहे. ते चक्क जुन्या कबरींच्या मध्ये उभे आहे. मेजांच्या रांगेत कबरी आहेत, त्यांवर रोज फुले वाहिली जातात, आणि शेजारी बसून लोक मस्कापाव खात गप्पा मारतात. कबर पाहून ज्याची पाचावर धारण बसावी, तोच माणूस तेथे दुसरा चहा मागवतो. कारण तेथे भय सांगण्याची प्रथा नाही, मान देण्याची आहे.

आता ज्यासाठी हा विषय आम्ही घेतला, त्या मुद्द्याकडे येतो. विल्यम विल्मर नावाच्या अमेरिकन नेत्रवैद्याने १९२१ साली एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. १९१२ च्या हिवाळ्याच्या सुमारास हे कुटुंब एका मोठ्या जुन्या घरात राहावयास गेले. थोड्याच दिवसांत डोकी जड होऊ लागली, मुले फिक्कट पडली, कुंड्यांतली झाडे मेली. रात्री पावले वाजत, अनोळखी माणसे दिसत. आधी तेथे राहिलेल्यांचेही अनुभव तसेच. अखेर घर उबदार ठेवणाऱ्या भट्टीची तपासणी झाली, तेव्हा ती नादुरुस्त असून धूर धुराड्यातून वर जाण्याऐवजी घरात पसरत आहे असे आढळले. त्यातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू रंगहीन व गंधहीन असतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो, मेंदूला प्राणवायू अपुरा पडतो, आणि माणसाला नाही ते दिसू-ऐकू येऊ लागते. भट्टी दुरुस्त झाली आणि भुते गेली. ती दुरुस्त झाली नसती, तर माणसेच गेली असती.

आमच्या लहानपणी आमच्याच आळीत असा प्रसंग घडला. एका घरी बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी रात्रंदिवस धगधगत असे. तिसऱ्या रात्री ती मुलगी ओरडून उठली : पायथ्याशी कोणी बाई उभी आहे. डोके फुटते आहे, मळमळते आहे, असेही ती सांगत होती. पण तिकडे कोणी लक्ष दिले नाही. त्या घरातली थोरली सून पूर्वी बाळंतपणात गेलेली. तीच आली, असे ठरले. देवऋषी बोलावला. त्याने उंबऱ्यावर खिळे ठोकले आणि खिडकीच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या. बाहेरचे आत येऊ नये म्हणून खिडकी बंद झाली, आणि आतला वायू बाहेर जाण्याची वाटही बंद झाली. पहाटे आमची आजी बाळाला पाहायला गेली. खोलीत पाऊल टाकताच तिचा जीव घुसमटला. तिने कोणाला न विचारता खिडकी उघडली आणि शेगडी उचलून अंगणात नेली. बाळ-बाळंतीण दोघे वाचली. पण त्या बिचाऱ्या मेलेल्या सुनेचे नाव पुढे कित्येक वर्षे आळीत भीतीनेच घेतले जाई. तिने कोणाचे काय केले होते?

त्या मुलीने पाहिले ते खोटे सांगितले नाही. तिची साक्ष मोलाची होती. त्या खोलीत काही तरी बिघडले आहे, हे ती साक्षच सांगत होती. चूक झाली ती तिच्या साक्षीला 'भूत' हे उत्तर फार लवकर चिकटवण्यात. उत्तर मिळाले म्हणून मंडळी शोधायची थांबली.

मात्र भूत नाकारणाऱ्यांनीही सावध राहावे. १९९८ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे विक टँडी या अभियंत्याने दाखवले की, त्याच्या प्रयोगशाळेतील करड्या आकृतीमागे एका नव्या पंख्यापासून निघणारा, सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, कानाला ऐकू न येणारा ध्वनी असावा. शोध चतुर होता. लगेच जो तो प्रत्येक भुताच्या जागी पंखा शोधू लागला. पण २००९ साली लंडनमधील संशोधकांनी ७९ माणसांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. असा ध्वनी व विद्युत्-चुंबकीय क्षेत्रे खोलीत सोडून पाहिली असता, अनुभवांचा त्यांच्याशी संबंध जुळला नाही. माणसाच्या कल्पनाप्रवण स्वभावाशी तो जुळण्याचा संभव अधिक दिसला. भुताला हाकलून त्याच्या जागी यंत्राला बसवणे ही काही चौकशी नव्हे.

तेव्हा अशी बातमी कानी आली तर काय करावे? प्रथम चूल, भट्टी, धुराडे आणि खिडक्या पाहाव्यात; तेथे जिवाशी गाठ असते. मग साक्षीदारांना एकमेकांचे ऐकण्यापूर्वी वेगवेगळे गाठून, काय पाहिले, केव्हा, किती उजेडात, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. अ‍ॅशलंडसारख्या ठिकाणी गाडी केव्हा जाते आणि दारांच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत, हे विचारावे. गोष्टीतला मृत माणूस खरोखर होता काय, हे दप्तरात पाहावे. हे सर्व दिवसाउजेडी करता येते. इतके करूनही उलगडा झाला नाही, तर "उलगडा झाला नाही" असे लिहून सही करावी. त्यात कमीपणा नाही.

आणि साक्षीदाराला हसू नये. ज्याला हसले जाते तो पुढच्या वेळी गप्प बसतो, आणि तोवर भट्टी धुमसतच असते.