शाळेखालचं शेत



'विस्थापितांच्या समस्या लिहा' असा प्रश्न आला की आमची मुलं पाच मुद्दे झरझर लिहितात. जमीन जाते, धंदा बुडतो, पुनर्वसन रखडतं. पाचापैकी पाच गुण! पण ज्या वर्गात बसून ती हे लिहितात, त्या वर्गाखाली पूर्वी कुणाचं शेत होतं, हे त्यांना ठाऊक नसतं. मी नवी मुंबईतल्या एका शाळेत नववीला मराठी शिकवते. ही गोष्ट मला बरीच वर्षं टोचत होती.

त्यातून आम्ही वाचनमंडळं सुरू केली. कल्पना आमची नाही. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ हार्वे डॅनियल्स यांनी १९९४ साली यावर पुस्तक लिहिलं. चार-पाच मुलांनी एकच पुस्तक वाचायचं, ठरल्या दिवशी गोल करून बसायचं आणि चर्चा मुलांनीच चालवायची. एकानं प्रश्न काढायचे, एकानं आवडलेला उतारा मोठ्यानं वाचायचा, एकानं अडलेले शब्द शोधायचे, एकानं पुस्तकातली गोष्ट आपल्या परिसराशी जोडून पाहायची. ही कामं आळीपाळीनं बदलायची. शिक्षकानं शक्यतो गप्प बसायचं. हेच सर्वांत अवघड!

आम्ही निवडली विश्वास पाटील यांची 'झाडाझडती'. धरणामुळे उठवलेल्या माणसांची ही कादंबरी. १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला आहे. नववीला ती सबंध झेपणार नाही, म्हणून निवडक भाग घेतले.

दुसऱ्याच बैठकीत मी चुकले. मंडळात गावठाणातली एक आगरी मुलगी होती. मी उत्साहानं म्हटलं, "तुमच्याही जमिनी गेल्या ना? सांग बरं सगळ्यांना." तिनं मान खाली घातली. पुढचे दोन आठवडे ती बोलली नाही. माझ्या लक्षात आलं, मी तिला वाचक राहू दिलं नव्हतं, नमुना करून टाकलं होतं.

मग नियम केला. कुणालाही त्याच्या घराबद्दल विचारायचं नाही. ज्याला सांगावंसं वाटेल त्यानं सांगावं. प्रश्न पुस्तकातल्या माणसांना विचारायचे. मुलांनी विचारले, "मोबदला कुणी ठरवला? नको म्हणायचा हक्क होता का?" याची उत्तरं कादंबरीतून पुरी मिळेनात. तेव्हा समाजशास्त्राच्या सरांना बोलावलं.

सरांनी नकाशा पसरला. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या; त्यांत भातखाचरं होती, मिठागरं होती. कायदा इंग्रजांचा, १८९४ चा. 'सार्वजनिक प्रयोजन' एवढं कारण त्याला पुरे होतं. २०१४ पासून त्याच्या जागी नवा कायदा आला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना या लढ्यातून आली. इथल्या मुलांनी 'साडेबारा टक्के' हे शब्द इमारतींच्या व्यवहारात ऐकले होते. त्यामागे माणसं मेली, हे त्यांना नवं होतं.

पुढच्या बैठकीत कोपरखैरण्याचा एक मुलगा बोलला. वडील बाजार समितीत माथाडी कामगार. तो म्हणाला, "आमचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. आजोबा सांगतात, उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचं जोतं दिसायचं." इतके दिवस गप्प असलेली ती मुलगी हळूच म्हणाली, "तुमचं पाण्याखाली. आमचं तुमच्या बिल्डिंगखाली." कुणी हसलं नाही. दोघंही एकमेकांकडे पाहत राहिली. मग तोच म्हणाला, "तुझ्या आजीला शेताचं नाव आठवतं का? विचारशील?"

ती विचारून आली. नुसतं नाव नव्हे, बांधावर काय होतं, भात किती व्हायचं, सगळं लिहून आणलं. त्या मुलानं आजोबांना फोन लावला. पुढे मंडळानं दोन्ही घरांतल्या आठवणी सरांनी दिलेल्या माहितीशी ताडून पाहिल्या. कुठे आठवण आणि कागद जुळले नाहीत. त्यावरही वाद झाला, आणि तो मला फार मोलाचा वाटला. कादंबरी म्हणजे पुरावा नव्हे, आठवणही चुकू शकते आणि सरकारी कागद सगळंच सांगत नाही, हे मुलांना कुणी न सांगता कळलं.

शिक्षकांना आणि पालकांना एवढंच सांगते. याला खर्च नाही. ग्रंथालयातून चार प्रती आणा, आठवड्याचा एक तास द्या. पुस्तक आपल्या गावाच्या प्रश्नाजवळचं निवडा. साखरपट्ट्यात ऊसतोडीचं निवडा, किनाऱ्यावर मासेमारीचं. मात्र ज्याच्या घरी ते दुःख आहे, त्या मुलाला वर्गासमोर उभं करू नका. त्याला वेळ द्या.

यंदाच्या परीक्षेत तोच प्रश्न आला. त्या मुलीनं पाच मुद्दे लिहिले. सहावा तिचा स्वतःचा होता: 'जमीन गेल्यावर तिचं नावही विसरलं जातं.' गुण पाचच होते. मी तेवढेच दिले.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)