बालकांची वजाबाकी आणि चित्रांचें पुस्तक

नाशिकजवळच्या देवळालीच्या शाळेंत १९३० पासून १९६२ पर्यंत दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे शिक्षक होते. १९४९ सालीं त्यांनीं वजाबाकीचा एक नवलाचा गुण विद्वानांपुढें ठेवला. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. तिचे चारही अंक सारखे मात्र नसावेत. ते अंक उतरत्या क्रमानें मांडावे, त्यांतून चढत्या क्रमानें मांडलेली संख्या वजा करावी आणि आलेल्या बाकीवर पुन: तीच क्रिया करावी. बाकी तीनच अंकी आली, तर तिच्या आधीं शून्य मांडावें. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ ही संख्या हातीं येते, आणि मग ती सोडून जात नाहीं. ३५२४ घेतली, तर पहिली बाकी ३०८७, दुसरी ८३५२ आणि तिसरी ६१७४. एका शिक्षकाला जिच्यांत असा आनंद सांपडला, तीच वजाबाकी घरोघरच्या पांच-सहा वर्षांच्या कित्येक मुलांना नकोशी होते. असें कां व्हावें?

याचें उत्तर त्या शब्दांतच आहे. वजा म्हणजे काढून घेतलेलें आणि बाकी म्हणजे उरलेलें. आधीं कांहीं जातें, मग कांहीं उरतें. मुलाच्या दृष्टीनें वजाबाकी ही मुळांत एक घटना आहे. पाटीवर ८ − ३ लिहिलें कीं ती घटना दिसेनाशी होते; दोन आकडे आणि एक आडवी रेघ तेवढी उरते. तेथें चित्र काढल्यानेंही अडचण नेहमींच सरते असें नाहीं. आठ चिमण्या काढून तीन चिमण्यांवर फुली मारली, तर मूल त्या मोजतें आणि आठच सांगतें. मोठीं माणसें रागावतात. परंतु मुलाचें काय चुकलें? पानावर चिमण्या आठच आहेत.

म्हणूनच बालशिक्षणांतल्या जाणत्यांनीं आरंभ वस्तूंनीं केला. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें, तेव्हां महागड्या साधनांवर न विसंबतां खडे, शिंपले, बिया, पानें अशीं भोवतालचीं साधनें मुलांच्या हातीं दिलीं. आधीं वस्तु, मग चित्र आणि शेवटीं चिन्ह, हा क्रम आजचे शिक्षकही मानतात. पण खड्यांत एक उणीव राहते. खडा उचलला कीं तो गेला. आधीं किती होते हें केवळ आठवणींत राहतें. लहान मुलाची आठवण तेवढ्यांत दुसरीकडे धांवते. येथें चित्रांचें पुस्तक उपयोगी पडतें, कारण पुस्तकाला पानें असतात.

असें पुस्तक विकतच आणावें लागतें असें नाहीं. वहीचीं दोन पानें पुरेत. पहिल्या पानावर रामकुंडाची संध्याकाळ काढावी: पाण्यावर पानांच्या द्रोणांत आठ दिवे तरंगत आहेत. पान उलटलें कीं तेंच पाणी, तोच घाट. दिवे मात्र पांच. बाकीचे गोदामाईनें पुढें नेले. येथें आईनें "आठांतून तीन गेले, किती उरले?" असें विचारण्याची घाई करूं नये. "काय झालें रे?" एवढेंच विचारावें. मूल आधीं गोष्ट सांगतें, "दिवे वाहून गेले." मग "किती गेले बरें?" असें म्हटलें कीं तें क्षणभर थांबतें, आणि पान मागें उलटतें.

हें मागें उलटणें हाच या पद्धतीचा प्राण होय. पान पुढें गेलें कीं वजाबाकी होते, मागें आलें कीं बेरीज. पांचांत तीन मिळविले कीं पुन: आठ, हा ताळा मूल स्वत: पाहतें. उत्तर बरोबर कीं चूक, हें ठरविण्यासाठीं त्याला वडीलधाऱ्यांच्या मुद्रेकडे पाहावें लागत नाहीं. जें मूल मुद्रा पाहून उत्तर बदलतें, तें माणसें ओळखावयास शिकतें. गणित शिकत नाहीं.

परदेशांतही अशीं पुस्तकें झालीं आहेत. एरिक कार्ल यांच्या १९७२ च्या पुस्तकांत एक कोंबडा जग पाहावयास निघतो. वाटेंत दोन मांजरें, तीन बेडूक, चार कासवें आणि पांच मासे त्याला मिळतात. रात्र पडते, जेवणाची सोय नाहीं, निवारा नाहीं. मग एकेक गट घरीं परततो आणि कोंबडा एकटा उरतो. सोबत कमी होत जाण्याची हुरहुर मुलाला कळते, आणि तिच्याबरोबरच संख्येचें उतरणेंही कळतें.

मात्र प्रत्येक वजाबाकींत कांहीं निघून जातेंच असें नाहीं. एका पानावर सात मुलें आणि समोरच्या पानावर चार पेरू असले, तर किती पेरू कमी पडतील? येथें कोणी गेलें नाहीं, कांहीं वाहिलें नाहीं. तरी उत्तर वजाबाकीचेंच. यासाठीं पान उलटूं नये. दोन्हीं पानें उघडीं ठेवून मुलाला बोटानें जोड्या लावूं द्याव्या. ज्यांची जोडी लागली नाहीं, तीं तीन मुलें म्हणजेच फरक.

मराठी मुलाच्या बाबतींत आणखी एक सोय भाषेनेंच करून ठेविली आहे. एकोणीस म्हणजे एकानें उणे वीस, एकोणतीस म्हणजे एकानें उणे तीस. वीस दिव्यांच्या पानामागें एक दिवा वाहून गेलेलें पान ठेवलें, तर पाठ केलेल्या उजळणींतला हा शब्द मुलाला एकदम उमजतो. नंतर पाटी घ्यावी, आणि आडवी रेघ काढून सांगावें, "आपण पान उलटलें ना, त्याची ही खूण."