गाडी पुढून बसलीये? आधी टेप घ्या, मग गॅरेज गाठा

आजचा भाग शक्यतो पार्किंगमध्ये गाडीजवळ उभं राहून ऐका, कारण आज थोडं काम आहे. जुनी गाडी पुढून खाली बसते ती कशामुळे आणि ते शोधायचं कसं, हा आपला विषय. उदाहरणाला मी मारुती ८०० घेतो. १९८३ साली आली, २०१४ मध्ये बनायची थांबली, पण गावोगाव अजून पळतेय. तुमच्याकडे जुनी आल्टो किंवा वॅगन आर असेल, तरी पुढची रचना साधारण अशीच आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. गाडी बसली की पहिला सल्ला येतो, "शॉकअप गेले, बदलून टाका." पण गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही. वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी आवरायचं. आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि गाडीचं डोलणं थांबतं. शॉकअप पार गेला, तरी उभ्या गाडीची उंची जवळपास तेवढीच राहते, चालताना मात्र ती होडीसारखी डुलते. म्हणजे गाडी डुलत असेल तर संशय शॉकअपवर, आणि बसली असेल तर स्प्रिंगवर. एवढं लक्षात ठेवलंत तरी बरेच पैसे वाचतील.

आता मोजायला घेऊ. सपाट जागा बघा, टायरमधली हवा बरोबर करा, डिकीतलं सामान काढा. गाडी थोडी पुढे-मागे ढकला, म्हणजे ती नीट स्थिरावेल. मग चाकाच्या मधोमध टेप धरा आणि सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायर घासलेला असेल किंवा हवा कमी असेल तर आकडा फसवतो. चारही चाकांचे आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

डाव्या-उजव्यात चार-पाच मिलिमीटरचा फरक असेल तर झोप उडवून घेऊ नका. दोन-तीन सेंटिमीटर असेल तर मात्र काहीतरी बिघडलंय. दोन्ही बाजू सारख्याच बसल्या असतील तर आपल्या आपल्यात तुलना करून कळणार नाही. त्याच मॉडेलची चांगली गाडी शोधा आणि तिची उंची मोजा. मागचे आकडेही बघा हं. मागची एक बाजू बसली की गाडी तिकडे कलते आणि पुढचा कोपराही खाली दिसतो.

माझ्या मामाच्या ८०० ची पुढची डावी बाजू उजवीपेक्षा तीन सेंटिमीटर खाली होती. एका गॅरेजमधून दोन्ही शॉकअपचा खर्च सांगितला गेला. आम्ही आधी मडगार्ड दाबून सोडलं. गाडी एकदा वर आली आणि थांबली. शॉकअपवर तेलाचा ओघळही नव्हता. म्हणजे शॉकअप ठणठणीत. मग गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावला, चाक काढलं आणि मोबाइलचा टॉर्च लावून स्प्रिंगचा व्हिडिओ काढला. सगळ्यात खालचा वेढा तुटला होता, आणि तुकडा खालच्या ताटलीतच बसला होता. वरवर बघून कधीच कळलं नसतं.

आणि इथे प्रश्न नुसत्या दिसण्याचा नाही. या रचनेत स्प्रिंग टायरच्या अगदी शेजारी असते. तुटलेलं टोक सरकलं तर टायर कापू शकतं, आणि ते हायवेवर झालं तर काय, हे मी सांगायला नको. स्प्रिंग तुटलेली नसून नुसती थकली असेल, तरी खड्ड्यात चाकाला वर यायला जागा उरत नाही, धक्का थेट बॉडीला बसतो. चाकाचा कोन बदलतो आणि टायर आतल्या कडेने खाल्ला जातो.

स्प्रिंग चांगली निघाली तर बोनेट उघडा. शॉकअप जिथे वर बॉडीला बसतो, तिथलं माउंटिंगचं रबर दबलंय का, ते बघा. त्याच्या भोवतीच्या पत्र्यावर गंज, चीर किंवा फुगवटा आहे का, तेही बघा. कोकणातल्या, समुद्राजवळच्या गाड्यांना हे खास तपासाच. पत्राच सडला असेल तर नवी स्प्रिंग घालून उपयोग नाही, ते वेल्डिंगचं काम आहे.

इथे एक ताकीद. त्या माउंटिंगच्या मधोमध जो नट दिसतो, त्याला गाडीवर असताना हात लावायचा नाही! त्यानेच दाबलेली स्प्रिंग धरून ठेवलेली असते. ती सुटली तर जीवावर बेतू शकतं. स्प्रिंग बदलायचं काम स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या मिस्त्रीकडेच द्या. तपासणी आपली, उघडणं त्यांचं.

स्प्रिंग बदलाल तर पुढच्या दोन्ही एकदम बदला. एक नवी आणि एक थकलेली असेल तर गाडी पुन्हा वाकडीच उभी राहील. वेढ्यांमध्ये घालायचे रबरी बफर मिळतात. त्याने गाडी वर येते, पण थकलेली स्प्रिंग नवी होत नाही, आणि तुटलेल्या स्प्रिंगवर तर ते घालूच नका. काम झालं की व्हील अलाइनमेंट करून घ्या आणि हेडलाइटचा झोत तपासा. पुढची उंची वाढली की झोतही वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो.

मामाच्या गाडीला दोन स्प्रिंग बसल्या, शॉकअप जुनेच राहिले. तुम्हीही गॅरेजमध्ये जाताना आकडे आणि व्हिडिओ घेऊन जा. "गाडी बसलीये" म्हणण्यापेक्षा "डावी बाजू तीन सेंटिमीटर खाली आहे" म्हटलंत की मिस्त्रीही कामाचं बोलतो. आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात, तोवर गाडी सांभाळून चालवा.