इंदूरचे दोन वाढदिवस

(गणेशोत्सवातील सायंकाळच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

आरती झाली आहे, प्रसाद व्हायचा आहे. मधला वेळ माझा, तेव्हा लांबण लावत नाही.

आपल्या गावाचे वाढदिवस दोन आहेत. एक सगळ्यांना ठाऊक आहे : ३१ मे, अहिल्यादेवींचा जन्मदिवस. २०२२ पासून तो इंदूरचा गौरव दिवस म्हणून साजरा होतो आणि आपण मराठी माणसं त्यात हौसेनं पुढे असतो. दुसरा ३ मार्चचा. जुनी इंदूरच्या बडा रावळ्यातलं जमीनदार घराणं हा दिवस शहराचा स्थापना दिन म्हणून पाळतं. १७१६ साली याच तारखेला राव नंदलाल यांना मोगल दरबाराकडून करमुक्त व्यापाराची सनद मिळाली, अशी त्या घराण्याची परंपरा सांगते. नंदलालपुऱ्यात भाजी घेताना त्यांचं नाव आपण रोज उच्चारतो, पण ते कोण, हे किती जणांना माहीत आहे?

मला या तारखेचं कौतुक वाटतं. कुठल्या गावाचा स्थापना दिन किल्ल्यावरून धरतात, कुठल्या गावाचा लढाईतल्या विजयावरून. आपल्या गावाचा धरला आहे व्यापाऱ्याला दिलेल्या सवलतीवरून!

त्या काळी परगण्याचं ठाणं कंपेलला होतं. इंदूर म्हणजे खान आणि सरस्वती नद्यांच्या काठचं लहानसं गाव. पण दक्षिणेतून नर्मदा ओलांडून उज्जैनकडे जाणारी वाट इथून जवळ होती. मराठे आणि मोगल यांच्या धामधुमीत व्यापाऱ्याला हवा होता आसरा आणि जकातीपासून सुटका. इथला बाजार इतका वाढला, की १७२० मध्ये परगण्याचं ठाणंच कंपेलहून इंदूरला आलं. मल्हाररावांना माळव्यात मुलूख मिळाला तो त्यानंतर, १७३२ च्या सुमारास. म्हणजे आपले पूर्वज सुभेदारांच्या मागोमाग इथे आले, तेव्हा दुकानं उघडलेली होती.

हे मी मुद्दाम सांगतो. आपल्या समारंभांत “इंदूर आम्ही वसवलं” असं सहज बोललं जातं. टाळ्याही पडतात. पण बाजार मांडणारे वेगळे होते. मग होळकरांनी केलं काय? त्यांनी तो मोडू दिला नाही. हे काम लहान नाही.

१८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतावरच्या ग्रंथात जॉन माल्कमनं एक हकिकत दिली आहे. इंदूरचा एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. तुकोजीराव होळकरांची छावणी तेव्हा शहराजवळ होती. काही जणांच्या सांगण्यावरून त्यांना त्या संपत्तीत वाटा घ्यावासा वाटला. सावकाराच्या विधवेनं महेश्वर गाठलं. अहिल्यादेवींनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं, मानाचं वस्त्र दिलं आणि नवऱ्याच्या घरादाराची तीच एकटी मालकीण, हे पक्कं केलं. तुकोजीरावांना हुकूम गेला : छावणी इंदूरपासून दूर न्या, माझ्या शहराला अन्यायानं त्रास देऊ नका.

विचार करा. समोर आपलाच सेनापती, सैन्यासह. आणि बाजू घेतली ती एका विधवेची. ज्या गावात मेलेल्या सावकाराच्या बायकोचा पैसा सुरक्षित असतो, तिथे जिवंत सावकार दुकान हलवत नाही. सराफा आणि बजाजखाना अशा भरवशावर उभे राहतात.

आता आपल्या घराकडे येऊ. आपल्यातले बहुतेक नोकरदारांचे वंशज : कारकून, फडणीस, शिक्षक. “व्यापाराशी आमचा काय संबंध?” असं मीही म्हणत असे. वडिलांच्या पश्चात घरातली जुनी ट्रंक उघडली, तर आत मोडीतले कागद. आम्हा भावंडांत एकालाही वाचता येईनात. अर्धे रद्दीत गेले, देणारा मीच. उरलेले नंतर एका जाणकाराकडून वाचून घेतले. कापड, साखर, तूप, कोणाचं देणं, कोणाचं येणं, हप्ते. माझ्या पणजोबांच्या हातचा तो हिशेब होता. बाजार दुसऱ्यांनी मांडला असेल, पण त्याची नोंद आपल्या घरांत पडून आहे, आणि मी ती किलोच्या भावानं विकली.

म्हणून एकच मागणं. पुढच्या ३ मार्चला आपण पाच-पन्नास जण जुनी इंदूरला जाऊ. जाताना घरातला एक तरी जुना कागद शोधून, त्याचं छायाचित्र काढून बरोबर नेऊ. मूळ कागद मात्र घरीच, कोरड्या जागी ठेवा. मोडी वाचणारे आपल्यात थोडे उरले आहेत. ते आहेत तोवर मुलांनी त्यांच्याजवळ बसावं. आणि दिवाळीच्या सफाईत ट्रंक निघाली, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा आम्हाला फोन करा.

गणपती बाप्पा मोरया!