फाटकाचा खांब आणि भाच्याची गाडी
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



मला बँकेतल्या आठवणी सांगा म्हणून सुचवलं होतं. पण त्या ऐकून झोप लागते, हे माझ्या घरच्यांनी सिद्ध केलेलं आहे. म्हणून गेल्या दिवाळीत आपल्या फाटकाच्या खांबाला जी लाल गाडी धडकली, तिची हकीकत सांगतो. गाडी मीच चालवत होतो. फाटक नीट उघडलं नाही म्हणून वॉचमनला बोल लागला, तो आज सर्वांसमक्ष मी परत घेतो.

गाडी भाच्याची. सॅन स्टॉर्म. दोन सीटची, उघड्या टपाची. 1998 च्या सुमारास गोव्यात बनू लागलेली, आत रेनोचं 1149 सीसीचं इंजिन. फार थोड्या बनल्या. माझ्या मेहुण्यांनी हौसेनं घेतली होती. ते गेल्यावर भाच्यानं ती पुण्यात जपली, आणि दिवाळीला आल्यावर मामाच्या हातात विश्वासानं किल्ली दिली.

या गाडीची बॉडी फायबरची. अमेरिकेतली कॉर्व्हेटसुद्धा 1953 पासून फायबरचीच. पत्रा पोचतो, फायबर फुटतं. डाव्या हेडलाइटभोवतीचा भाग तुकडे होऊन खाली पडला. डेंटर आला आणि हातोडी न काढताच परत गेला. नवीन भाग मिळेना. उजव्या बाजूचा साचा घ्यावा म्हटलं, तर तो चपलेसारखा उलटा येणार. म्हणजे जुने तुकडेच हवेत. आपल्या पोरांनी ते केळीच्या कॅरेटमध्ये गोळा केले. शेवटचा तिसऱ्या दिवशी जास्वंदीच्या वाफ्यात सापडला. तोवर भाचा माझ्याशी जेवणापुरतंच बोलत होता.

भुसावळला कूलरच्या फायबर बॉड्या बनवणारा एक कारागीर आहे. त्याला बोलावलं. म्हणाला, "काका, कूलर काय न् गाडी काय, कापड तेच, रेझिन तेच."

आधी तुकडे चिकटपट्टीनं बाहेरून जुळवले, बॉनेटची फट दोन्हीकडे सारखी येते का ते मोजलं. मग आतल्या कडा घासून उतरत्या केल्या. तीन मिलिमीटर जाडीला साधारण साडेतीन सेंटिमीटर उतार. नुसत्या उभ्या कडेला चिकटवलेला जोड आपल्या रस्त्यांवर किती टिकेल, तुम्हीच सांगा. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट, ते नीट ढवळल्यावर हार्डनर, शेकडा एक-दोन. हे दोन थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो, हे त्यानं पोरांना दूर उभं करून दोनदा बजावलं. काचेच्या धाग्यांची मॅट ठेवून ब्रशनं थोपटत बुडबुडे काढले. असे तीन थर आतून, आणि बाहेरच्या भेगा घासून एक पातळ थर. मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून घासकामाजवळ उभा राहिलो, तर दोन दिवस हात खाजत होते.

मग पुट्टी, पॉलिशपेपर, प्रायमर, रंग. उन्हात पाहिलं तर डावी बाजू किंचित गडद दिसते. भाच्यानं बोट फिरवलं, जोड लागला नाही. म्हणाला, "मामा, बाबांच्या हातचा एक ओरखडा होता तिथं, तो पण राहिलाय." कारागिरानं तो भरला नव्हता, मीच सांगितलं होतं.

खांबाच्या दुरुस्तीचे 1200 रुपये मी खजिनदारांकडे भरले आहेत. पावती अजून यायची आहे.