खोटी हकीकत
(अनसिंग येथे तरुणांपुढे केलेलं भाषण)



'सिंघम' तुम्ही बघितलाय. २०११ सालचा, रोहित शेट्टीचा. अजय देवगण डरकाळी फोडतो, शिट्ट्या पडतात. मला त्या पिक्चरनं निराश केलं.

सुरुवात चांगली. भ्रष्टाचाराचा खोटा आळ आलेला इन्स्पेक्टर स्वतःला गोळी घालून घेतो. जयकांत शिक्रेच्या पैशावर पोसलेलं खातं उघडं पडतं. वाटतं, आता कुणीतरी विचारील, ही कीड आली कुठून? कोण विचारतो! शेवटी सगळे पोलीस एका रात्रीत शुद्ध होतात, शिक्रेला धरून गोळी घालतात आणि वरिष्ठांना दमात घेऊन खोटी हकीकत पुढं करतात. म्हणजे प्रामाणिक पोलीसही तेच करतो, जे हप्तेखोर करत होता. फक्त मागं ढोल वाजतो.

खोटी हकीकत आपल्याला नवी आहे का? ११ जुलै १९९७. बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला म्हणून घाटकोपरची रमाबाई नगर वस्ती रस्त्यावर उतरली. राज्य राखीव पोलिसांनी दहा माणसं मारली. सांगितलं काय, तर जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता! गुंडेवार आयोगानं तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप व्हायला २००९ साल उजाडलं.

बिनकोर्टाची गोळी हिरोनं झाडली तरी ती फिरून आपल्याच वस्तीत येते. आपल्याला सिंघम नको. आपली फिर्याद जशीच्या तशी लिहून घेणारा, अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लावणारा साधा ठाणेदार पाहिजे. त्याच्यावर पिक्चर काढा. पहिली शिट्टी आम्ही मारू.