लातूर ते हार्लेम

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य मराठीत सविस्तर पोहोचवणारे अभ्यासक म्हणजे लातूरचे डॉ. जनार्दन वाघमारे.

१९७२ साली मुंबईत दलित पँथर ही संघटना उभी राहिली. नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीचा कवी लँग्स्टन ह्यूज किंवा कादंबरीकार रिचर्ड राइट काय लिहून गेले, हे मात्र इंग्रजी न वाचणाऱ्याला कळणं कठीण होतं. इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ मराठीत लिहिला. त्यामुळे दलित साहित्याला आपल्या दूरच्या भावंडांची ओळख झाली.

त्याच दशकात मराठवाडाही धगधगत होता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. या नामांतराच्या लढ्याची वेदना कवितेत उतरली, शाहिरांच्या गाण्यांतून गावोगाव गेली.

अखेर १४ जानेवारी १९९४ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार होऊन त्याला आंबेडकरांचं नाव मिळालं. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. वाघमारे त्याचे पहिले कुलगुरू.

आपल्या गावच्या ग्रंथालयात त्यांचा हा ग्रंथ मागा, नामांतराच्या कवितांसोबत वाचा.